ग्रँड आयलंडला स्नॉर्केलिंगची बोट लावण्याआधी

"मासळी कमी झाली, बोट स्नॉर्केलिंगला लावू का?" हा प्रश्न आता आपल्याकडे बऱ्याच घरांत निघतो. पावसाळा सरला की जास्तच. डिझेलचा खर्च वाढलाय, खलाशी मिळत नाहीत, आणि डोळ्यांदेखत रोज सकाळी पर्यटकांनी भरलेल्या बोटी ग्रँड आयलंडकडे जाताना दिसतात. दर्या आपला, बोट आपली, खडप कुठे आणि मासा कुठे हेही आपल्याला ठाऊक. मग हे काम दुसऱ्यांनी का करावं, असं वाटणं साहजिक आहे.

करायला हरकत नाही. पण माशाच्या फेरीत फक्त जाळ्याच्या जागी माणसं घेतली, इतकं हे सोपं नाही. या धंद्यात दोन गोष्टी कायमच्या बिघडू शकतात. एक म्हणजे गिऱ्हाइकाचा जीव आणि दुसरी म्हणजे ज्या खडपासाठी गिऱ्हाईक येतं ते खडप. दोन्ही कशाने बिघडतात आणि कशाने सांभाळता येतात, ते नीट समजून घेऊया.

आधी ही भानगड काय ते बघू. स्नॉर्केलिंग म्हणजे बुडी नव्हे. डोळ्या-नाकावर काचेचा मास्क, तोंडात नळी, आणि माणूस पाण्यावर पालथा तरंगत खाली बघतो. नळी साधारण वीतदीड वीत लांबीची असते. काहींना वाटतं, नळी लांब केली तर खोल जाता येईल. तसं होत नाही. मीटरभर खोलीवरसुद्धा पाण्याचा दाब छातीवर इतका असतो की वरची हवा ओढून घेता येत नाही, आणि लांब नळीत आपलाच सोडलेला श्वास पुन्हा आत येतो. म्हणून घरी पाइप कापून नळ्या बनवू नका. मास्कमधून सगळं एक तृतीयांशाने मोठं आणि जवळ दिसतं. त्यामुळे गिऱ्हाईक बोटीवर येऊन "एवढा मोठा गोबरा बघितला" म्हणून हात पसरून सांगेल. सांगू दे. त्याने त्याच आनंदाचे पैसे दिलेत.

आता पाणी. ग्रँड आयलंडचं पाणी फोटोतल्या मालदीवसारखं निळंशार नसतं, आणि तसं सांगून बुकिंग घेऊ नये. मांडवी आणि झुवारी या दोन मोठ्या नद्या जवळच दर्याला मिळतात. पावसाळाभर त्या लाल माती आणून ओततात. ऑक्टोबरातही पाणी गढूळच असतं. नद्यांचा जोर उतरला आणि वारा पडला की गाळ खाली बसतो, आणि साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले मिळतात. तेव्हाही चार-सहा मीटर स्वच्छ दिसलं तर दिवस चांगला म्हणायचा. मुर्डेश्वरसमोरचं नेत्राणी बेट किनाऱ्यापासून सुमारे 19 किलोमीटर आत आहे. गाळ तिथवर कमी पोचतो, म्हणून तिथलं पाणी जास्त नितळ. ही तुलना गिऱ्हाईक करणारच, तेव्हा कारण माहीत असलेलं बरं.

उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ जास्त, तळ ढवळतो. भांगाच्या दिवसांत पाणी शांत आणि निवळ. हे आपल्याला जाळ्यामुळे ठाऊकच आहे, फक्त तेच पंचांग आता बुकिंगच्या वहीला लावायचं. वाऱ्याचंही तसंच. पहाटे मतलई वारा जमिनीकडून असतो, पाणी सपाट. दुपारी खारा वारा उठतो आणि लाट उभी राहते. मार्चनंतर तो लवकर उठतो आणि जोरात असतो. म्हणून सकाळी सातला निघून बारापर्यंत परत, हाच खरा हिशेब. हॉटेलवाले सांगतात, पाहुणे नाश्ता करून दहाला येतील. दहाला येणाऱ्याला खालचं काही दिसत नाही आणि येताना तो ओकत येतो. वेळ आपण ठरवायची, हॉटेलने नव्हे.

कुठून निघता यावर बरंच काही ठरतं. बायणा किंवा बोगमाळोहून बेट समोरच आहे, चांगल्या हवेत अर्ध्या तासाच्या आत पोचता. शिकेरी, कांदोळीकडून निघाल्यास आग्वादच्या टोकाला वळसा, मग मांडवीचं तोंड, काबो, झुवारीचं तोंड, आणि मुरगाव बंदराचा जहाजांचा मार्ग ओलांडूनच पलीकडे जावं लागतं. कोळसा-लोखंडाच्या जहाजाला ब्रेक नसतात. त्याचा कप्तान उंचावर बसलेला असतो आणि नाळेखालची छोटी बोट त्याला दिसत नाही. तो थांबेल असं धरून मध्ये घुसायचं नाही. येताना खारा वारा बाजूने लागतो आणि नदीचं ओहोटीचं पाणी त्याच्या उलट येत असेल तर तोंडावर लाटा आखूड आणि उभ्या होतात. मासे भरलेली बोट तिथून काढणं वेगळं, आणि ज्यांनी दर्या पहिल्यांदा बघितलाय अशी वीस माणसं घेऊन काढणं वेगळं.

वेगळं का, याचं उत्तर वजनात आहे. हे जरा सावकाश वाचा.

आपली बोट मासळीसाठी बांधलेली असते. मासे, बर्फ, ओलं जाळं, सगळं वजन तळाला. बोट जड झाली तरी वजन खाली असल्यामुळे ती कलंडली तरी परत उभी राहते. माणसं भरली की उलटं होतं. सरासरी सत्तर किलोचा माणूस धरला तर दहा माणसं म्हणजे सातशे किलो. हे सातशे किलो तळाला नसून फळीवर बसलेले, नाहीतर उभे असतात. वर टपावर चढले तर आणखी वाईट. आणि बर्फ जागचा हलत नाही, माणसं हलतात. डॉल्फिन दिसला की काय होतं ते आठवा. कोणीतरी ओरडतं, "तो बघा, तो बघा," आणि अख्खी बोट एका बाजूला धावते. त्याच क्षणी बाजूने लाट आली तर पाणी काठावरून आत येतं. आत आलेलं पाणी खालच्या बाजूला धावतं आणि कलंडलेल्या बोटीला आणखी खाली ओढतं. तिथून पुढे दोन-तीन सेकंदांचं काम.

हे नुसतं बोलणं नाही. 24 मे 2022 रोजी तारकर्लीला स्कुबा करून परत येणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघे गेले. मे संपत आला होता, त्या दिवसांत आपण आपल्या होड्या वर ओढायला लागलेलो असतो. 18 डिसेंबर 2024 ला मुंबईत घारापुरीकडे जाणाऱ्या बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिली, त्यात पंधरा जणांचा जीव गेला. त्यानंतर आठवड्याभरात, 25 डिसेंबरला, आपल्या कळंगुटसमोर पर्यटकांची बोट उलटली आणि एक जण दगावला. बाकीचे वाचले ते मुख्यतः अंगात लाइफ जॅकेट होतं म्हणून आणि मदत लगेच पोचली म्हणून. जॅकेट फळीखाली रचून ठेवलेलं असेल तर ते फक्त तपासणीला दाखवायच्या कामाचं. ते किनाऱ्यावरच अंगात घालायचं, पट्टे आपल्या खलाशाने ओढून बघायचे, आणि मुलांसाठी मुलांच्याच मापाचं हवं. मोठ्या जॅकेटमधून मूल खाली निसटतं.

म्हणून परवान्याचं बोलायलाच हवं. मासेमारीसाठी नोंदलेली बोट म्हणजे प्रवासी बोट नव्हे. गोव्यात प्रवासी नेण्यासाठी बंदर कप्तान खात्याकडे वेगळी नोंदणी आणि बोटीची तपासणी लागते, आणि किती माणसं घ्यायची तो आकडा त्या कागदावर असतो. पर्यटनाचा धंदा म्हणून पर्यटन खात्याकडची नोंदणी वेगळी. कोणी म्हणेल, "कोण बघतंय?" रोज कोणी बघत नाही, खरं आहे. पण अपघात झाला की पहिल्यांदा तेच बघतात. मासेमारी बोटीचा विमा प्रवाशासाठी एक रुपया देत नाही, आणि मग बोट, घर, दागिने सगळं कोर्टाच्या दारात. ज्या कुटुंबाने कर्ज काढून बोट घेतली त्याने हा जुगार खेळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कागद होईपर्यंत बोट मासेमारीलाच राहू द्या.

आता बेटावर पोचलो असं धरा. इंजिन पूर्ण बंद झाल्याशिवाय, पंखा थांबल्याशिवाय, एकाही माणसाने पाण्यात पाय टाकायचा नाही. चावी तांडेलाच्या खिशात. माणसं पाण्यात असेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही, बाजूची बोट कितीही हाका मारू दे.

पाण्यातल्या माणसावर नजर ठेवणं हे सगळ्यात अवघड काम आहे, आणि त्याला कारण आहे. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हात हलवत ओरडत नाही. त्याचं तोंड पाण्याच्या पातळीला असतं, ओरडायला श्वास नसतो, हात पाण्यावर दाबले जातात. आणि स्नॉर्केलिंगमध्ये तर नेहमीचा माणूससुद्धा पालथा, स्थिर, तोंड पाण्यात घालूनच असतो. बेशुद्ध माणूसही अगदी तसाच दिसतो. लांबून फरक कळत नाही. म्हणून एक माणूस नाळेवर बसवायचा, त्याच्या हातात मोबाइल नको, गिऱ्हाइकांचे फोटो काढायचं काम तर त्याला बिलकूल नको. पाण्यात उतरलेल्या मुलाने दर दोन-तीन मिनिटांनी प्रत्येकाला हात लावून विचारायचं, आणि समोरच्याने अंगठा आणि बोट जुळवून "ठीक" अशी खूण करायची. खूण आली नाही तर लगेच उलटा करून तोंड वर. पोहता न येणाऱ्या दोन माणसांमागे आपला एक पोहणारा हवा, हातात रिंग घेऊन. एकाने सहा जणांना रिंगला लोंबकळत फिरवायचं हे मी ठिकठिकाणी बघतो, आणि ते बघवत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये ग्रेट बॅरियर रीफवर रोज अशा बोटी जातात. स्नॉर्केलिंग करताना तिथे दगावलेल्यांत बऱ्याच जणांना मुळात हृदयाचा आजार होता. थंड पाणी, घाबरणं, दम लागणं, आणि हृदय बंद. म्हणून तिथे आधीच वय आणि आजार विचारतात आणि जोखमीच्या माणसाला वेगळ्या रंगाची खूण देऊन त्याच्यावर जास्त लक्ष ठेवतात. आपणही किनाऱ्यावरच विचारू शकतो: बीपी आहे का, छातीत दुखतं का, दमा आहे का, रात्री किती घेतली? शेवटचा प्रश्न हसत विचारा, पण विचारा. सकाळी वास येत असेल तर त्याने बोटीतच बसावं. बियर द्यायचीच असेल तर सगळे पाण्यातून वर आल्यावर.

तिथलाच आणखी एक धडा. जानेवारी 1998 मध्ये त्या रीफवर डायव्हिंगला नेलेलं एक अमेरिकन जोडपं दर्यातच राहिलं. बोटीवरची मोजणी चुकली, बोट परत आली, आणि दोन दिवसांनी त्यांचं सामान बोटीवर पडलेलं दिसल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं. ती दोघं कधीच सापडली नाहीत. आपण म्हणतो, आपल्याकडे असं होणार नाही. पण ग्रँड आयलंडला सीझनमध्ये एकाच जागी आठ-दहा बोटी असतात, सगळ्यांचे जॅकेट नारिंगी, आणि पोरं मित्र बघून दुसऱ्याच्या बोटीत चढतात. डोकी मोजणं पुरत नाही. कागदावर नावं लिहा आणि निघताना नाव घेऊन हाक मारा, समोरून "हो" ऐकल्यावर खूण करा. शाळेतल्या हजेरीसारखं.

नांगर

आता खडपाचं. ग्रँड आयलंडच्या कडेला खऱ्या प्रवाळाच्या वसाहती आहेत. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केलेला आहे. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, झाडही नव्हे. ते बारीक जिवांचं गाव आहे, हे जीव चुन्याचं घर बांधतात आणि त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न बनवून त्यांना देतं. गढूळ पाण्यात ऊन कमी पोचतं, म्हणून आपल्याकडचं प्रवाळ आधीच अर्धपोटी जगतं असं समजा. पाणी फार तापलं की ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. 2024 मध्ये लक्षद्वीपमध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं. गोलसर जातीचं प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतं. म्हणजे पाटीएवढा गोळा हा तुमच्या आजोबांच्या वयाचा.

त्यावर नांगर पडला की काय होतं ते सांगायला नको. पण लोकांना वाटतं, नुकसान फक्त नांगर पडतो तिथे होतं. तसं नाही. सहा मीटर पाण्यात पंचवीस मीटर दोर सोडला की बोट वाऱ्याबरोबर चोवीस मीटरपर्यंतच्या त्रिज्येने फिरू शकते. नांगराजवळची साखळी आणि दोराचा तळाला लोळणारा भाग झाडूसारखा फिरतो आणि वाटेत येईल ते मोडतो. उचलताना नांगर अडकला की आपण इंजिन मारून ओढतो, तेव्हा तर गोळाच्या गोळा उपटून येतो. दहा बोटी, रोज, चार महिने. याच खडपात गोबरा, तांबोशी, शेवंड लपतात, लहान मासळी वाढते. गिऱ्हाइकाचं खडप आणि आपल्या गळाचं खडप एकच आहे.

उपाय अवघड नाही. नांगर नेहमी वाळूत टाकायचा. सकाळच्या पाण्यात वाळू फिकट दिसते, खडप काळं. दिसत नसेल तर आपला पोरगा मास्क लावून आधी उतरतो आणि हात दाखवतो. त्याहून चांगलं म्हणजे कायमचा बोया. तळाला एकदाच जड ब्लॉक किंवा स्क्रू बसवायचा, त्यावर बोया, आणि येणारी प्रत्येक बोट बोयाला बांधायची, नांगर उचलून ठेवायचा. एका मालकाला हा खर्च जड जातो, पण सोसायटीने मिळून बंदर कप्तान खात्याकडे परवानगी मागितली तर चार-पाच बोयांत सगळ्यांची सोय होईल. हे काम सहकारी सोसायटीनेच करण्यासारखं आहे. एकट्या मालकाने बोया टाकला की तो "माझा बोया" होतो आणि भांडण लागतं.

थायलंडमध्ये माया बे नावाची खाडी आहे. सिनेमामुळे प्रसिद्ध झाली आणि रोज शेकडो बोटी थेट आत घुसून नांगर टाकू लागल्या. प्रवाळ इतकं मोडलं की 2018 मध्ये सरकारने खाडी बंद केली. ती 2022 च्या जानेवारीत उघडली, तीही अशी की बोटी आता पुढून आत जातच नाहीत, मागच्या बाजूच्या धक्क्याला लागतात. साडेतीन वर्षं तिथे कोणाची बोट गेली नाही. आपल्या खडपाची अशी वेळ आली तर बंदी येईल ती मच्छीमारालाही लागेल. मालवणला 1987 मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा तिथल्या मच्छीमारांनी विरोध का केला, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

बारीकसारीक गोष्टीही आहेत. पाव टाकून मासे जमवायची सवय सोडा. मासे गोळा होतात, फोटो छान येतो, पण त्यातून नुसते पट्टेरी मासे दांडगट होतात आणि खडपावरचं शेवाळ खाणारे दुसरे मासे आपलं काम सोडतात. सनक्रीमचं बोलायचं तर हवाईत 2021 पासून ऑक्सिबेन्झोन असलेल्या क्रीमची विक्री बंद आहे, कारण ते प्रवाळाला बाधतं. आपण गिऱ्हाइकाला लांब बाह्यांचा टी-शर्ट घालून यायला सांगू शकतो. तो उन्हापासून वाचवतो, जेलीफिशपासूनही बराचसा. जेलीफिश लागलीच तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. दर्याच्याच पाण्याने धुवायचं, चिकटलेले तंतू न खरवडता अलगद काढायचे, आणि मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग धरायचा. एक थर्मास बोटीवर असू दे. आणि प्रवाळाचा तुकडा, जिवंत असो वा मेलेला, कोणालाही आठवण म्हणून आणू देऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. तुकडा गिऱ्हाइकाच्या बॅगेत सापडला तरी बोट कोणाची हे विचारलं जाणारच.

घरच्या बायकांना या धंद्यात फक्त डबा करायला ठेवू नका. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला स्वतः कांदळवनाची सफर चालवतात. बुकिंग, यादी, पैशाचा हिशेब आणि किनाऱ्यावर आजाराचे प्रश्न विचारणं, हे काम बाई जास्त नेटकं करते. तांडेलाला गिऱ्हाईक खोटं सांगतं, बाईने विचारलं तर खरं सांगतं.

बोटीवर व्हीएचएफ असेल तर चॅनेल 16 चालू ठेवा. तटरक्षक दलाचा बचावाचा नंबर 1554 सगळ्या खलाशांच्या मोबाइलमध्ये हवा. आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा इशारा आणि इन्कॉइसचा लाटांचा अंदाज बघा. वारा वाढणार असेल, पाणी लाल असेल, तर त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकाला फोन करून सांगा की उद्या बोट जाणार नाही, परवा चालेल का विचारा, नाहीतर आगाऊ घेतलेले पैसे परत करा. सकाळी किनाऱ्यावर लहान मुलं तयार होऊन उभी असताना "नाही" म्हणणं जड जातं, आणि तिथेच तांडेलाचा पाय घसरतो. म्हणून हा निर्णय रात्रीच घरात बसून घ्यावा.